मुळांना आधी हवा द्या: ग्वाल्हेरच्या हवामानात डीप वॉटर कल्चर करताना या चुका टाळा

झाकणाच्या भोकांत नेट पॉट म्हणजे जाळीदार कुंड्या बसवायच्या, रोपांची मुळे थेट पोषण द्रावणात सोडायची आणि एअर पंपाने त्या द्रावणात अखंड हवा सोडत राहायची, एवढीच डीप वॉटर कल्चरची पद्धत आहे. ती दिसायला सोपी असल्यामुळे घाईने केली जाते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गच्च्यांवर दर उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच त्या चुकांपायी चांगली रोपे मरताना पाहून वाईट वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत महागात पडते ते पाण्याच्या तापमानाकडे केलेले दुर्लक्ष. नवशिके लोक खतांवर आणि मीटरवर हौसेने खर्च करतात, पण टबात साधा थर्मामीटर कोणी ठेवत नाही. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तेच प्रमाण साडेसातवर येते आणि ३५ अंशांना सातच्याही खाली जाते. याच वेळी मुळांचा श्वसनवेग वाढलेला असतो, म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. त्यातच पिथियमसारखे मूळकूज करणारे रोगकारक कोमट, हवा कमी असलेल्या पाण्यात झपाट्याने पसरतात.

आमच्या गल्लीतल्या एका काकांनी थंडीत लेट्यूसचे उत्तम पीक काढले आणि त्या उत्साहात मार्चअखेरीस तोच काळा टब गच्चीवर पुन्हा भरला. काही दिवसांनी रोपे दुपारी माना टाकू लागली. संध्याकाळी ती सावरत, म्हणून खत कमी पडत असावे असे समजून काका द्रावण अधिकाधिक कडक करत गेले. मला बोलावले तेव्हा मी म्हटले, "काका, खत राहू द्या, आधी झाकण उचला." मुळे तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती, पाण्याला कुजका वास येत होता, आणि एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढले तर त्याची साल मोज्यासारखी निघून आली व आतला बारीक तंतू तेवढा लोंबत राहिला. पाण्याचे तापमान ३४ अंश होते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, त्यामुळे पाण्यात उभी असूनही ती रोपे तहानेने सुकत होती, आणि कडक द्रावणाने त्यांना पाणी घेणे आणखी अवघड करून ठेवले होते. पंप टबाशेजारी तापलेल्या फरशीवर होता, म्हणजे बुडबुड्यांतून गच्चीवरचीच गरम हवा पाण्यात जात होती. ती रोपे वाचली नाहीत.

खत वाढवण्याआधी मुळे पाहावीत, हा माझा नियम आहे. निरोगी मूळ पांढरे किंवा सायीच्या रंगाचे असते. खतामुळे त्यावर थोडा डाग पडू शकतो, पण वास आणि बुळबुळीतपणा आला की ती कूजच समजावी. मी थर्माकोलच्या पेट्या वापरतो आणि त्या अंगणात उत्तरेच्या भिंतीलगत ठेवतो. पंप घरात ठेवून नळी बाहेर नेतो आणि पाणी २४ अंशांच्या वर गेले की गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली त्यात सोडतो. इतके करूनही एप्रिलच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत मी लेट्यूस लावत नाही. ज्या शहरात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तिथे या पिकाचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच आहे. बाराही महिने सॅलड मिळवण्याचा हट्ट रोपांवर अन्याय करणारा आहे.

दुसरी चूक खते मिसळण्याची. कॅल्शियम नायट्रेट एका बाटलीत (ए द्रावण) आणि सल्फेट व फॉस्फेट असलेली खते दुसऱ्या बाटलीत (बी द्रावण) दिलेली असतात, त्याला कारण आहे. दोन्ही तीव्र द्रावणे एकत्र ओतली की जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट तयार होऊन पांढरा गाळ तळाशी बसतो. तो ढवळून पुन्हा विरघळेल अशी आशा धरू नये. विकत घेतलेले पोषण तिथेच वाया गेलेले असते. वेळ वाचवण्यासाठी एकाच मापाने दोन्ही बाटल्या भराभर ओतणारे लोक पुढे पानांच्या कडा जळाल्या की बियाण्याला दोष देतात. टबात आधी पूर्ण पाणी भरावे, मग ए द्रावण घालून नीट ढवळावे आणि त्यानंतरच बी द्रावण घालावे. माझी मापे वेगळी आहेत आणि बी द्रावणाच्या बाटलीला व मापाला मी लाल दोरा बांधून ठेवला आहे.

युरिया आणि डीएपी शेतातल्या मातीसाठी ठीक आहेत, या टबासाठी नाहीत. पीएच, म्हणजे द्रावणाची आम्लता दाखवणारा आकडा, उतरवायला लिंबू पिळू नये. त्याचा परिणाम टिकत नाही आणि सेंद्रिय आम्लावर जिवाणू पोसले जातात. फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून पीएच ५.५ ते ६.५ दरम्यान ठेवावा. बोअरवेलचे पाणी जड असेल तर खत घालण्यापूर्वीच त्याची ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळले आहेत त्याचे माप) मोजावी. पारदर्शक डब्यात शेवाळ होणारच, म्हणून प्रकाश पूर्ण अडवावा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटे येऊन पंप निकामी होतो. मुळे लांब झाल्यावर पातळी नेट पॉटच्या तळापासून तीन-चार सेंटिमीटर खाली उतरवावी, म्हणजे वरच्या मुळांना मोकळी हवा मिळते.

पाणी कमी झाले की तितकेच पूर्ण ताकदीचे द्रावण ओतण्याची सवयही सोडावी. कोरड्या हवेत रोपे खतापेक्षा पाणी अधिक पितात, त्यामुळे उरलेले द्रावण आधीच कडक झालेले असते. लेट्यूससाठी ईसी ०.८ ते १.२ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर पुरते, ती वर गेली असेल तर नुसते पाणी घालावे, उतरली असेल तरच खत घालावे, आणि दोन आठवड्यांनी सगळे द्रावण बदलावे.