पावसाळी पँट आधी बसून बघा

ऑफिसात कपडे बदलायला जागा असेल, तर सायकलसाठी पावसाळी पँट घेऊच नका. हाफ पँटीत या, भिजा, पुसा, बदला. पुण्यातला जुलैचा पाऊस काही हाडं गारठवणारा नसतो. उघडी पोटरी पंचाने पुसली की कोरडी होते. ओली सलवार मात्र संध्याकाळपर्यंत अंगावर ओलीच राहते. आमच्याकडे स्वच्छतागृह एकच, त्यात एक खुंटीसुद्धा नाही, आणि सव्वादहाला मला सलवार-कुर्त्यात हिशेबाच्या टेबलाशी बसायचं असतं. पुढचं सगळं अशा अडलेल्यांसाठी.

वारजे ते शिवाजीनगर साडेनऊ किलोमीटर. कोरड्या दिवशी चाळीस मिनिटं, पावसात नळ स्टॉपच्या सिग्नलची मर्जी. अकरा पावसाळे झाले. त्यात चार पँटी वाया घालवल्या, पाचवी सध्या दाराच्या मागे टांगलेली आहे.

पँटीवर पैसे घालण्याआधी खाली वाकून मडगार्ड बघा. पाय भिजतात ते निम्मे वरून आणि निम्मे खालून, पुढच्या चाकाने उडवलेल्या पाण्याने. खालचं पाणी जास्त वाईट, कारण त्यात रस्त्यावरचं सगळं असतं. गिअरच्या सायकलींना बहुतेक वेळा मडगार्ड नसतात किंवा बोटभर लांबीचे असतात. पूर्ण लांबीचे बसवून घ्या आणि पुढच्याच्या टोकाला जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा नटबोल्टने लावा. तो जमिनीपासून चार बोटं वर लोंबला पाहिजे. मी हे तिसऱ्या वर्षी केलं. पहिल्या वर्षी केलं असतं तर एक पँट वाचली असती.

आता पँट. मेच्या शेवटी रस्त्याकडेला रेनकोटचे ढीग लागतात. ते कापलेले असतात स्कूटरवाल्यांसाठी, हे आधी डोक्यात घ्या. स्कूटरवर माणूस एकदा बसला की पाय हलत नाही, शिवाय तिथे साखळी नाही, म्हणून खालचा घेर पायजम्यासारखा मोकळा ठेवला तरी चालतो. सायकलवर मिनिटाला साठ फेरे धरले तरी चाळीस मिनिटांत २,४०० वेळा मांडी वरखाली होते आणि दर वेळी सीटच्या नाकाडाला घासते. माझी पहिली पँट जाड पीव्हीसीची होती, जॅकेटसकट साडेचारशे रुपयांची. नाक्यावरच्या भाजीवालीलाही मी येतेय हे कळे, इतकी ती वाजायची. ऑगस्टमध्ये नेमकी मांडीच्या आतल्या बाजूला, घडीवर घडी पडते तिथे, तिला चीर गेली.

दुसरी जरा महाग घेतली. वर नायलॉन, आतून लेप. पाणी अंगावरून मोत्यासारखं ओघळायचं, मी खूश. ऑफिसात पोचून पँट काढली तर गुडघे कोरडे, पोटऱ्या कोरड्या, आणि बुडाला सलवारीवर बशीएवढा ओला गोल. दिवसभर खुर्चीतून उठताना ओढणी मागे सोडून चालत होते.

दुकानात कोणी सांगत नाही ते असं. पँटीच्या चिठ्ठीवर ‘२,००० मिमी’, ‘५,००० मिमी’, ‘१०,००० मिमी’ असा आकडा असतो. कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तर पाणी आत झिरपायला लागेल, ती ही उंची. २,००० मिमी म्हणजे दोन मीटर. पावसाच्या थेंबाला एवढा जोर नसतो, त्यामुळे उभ्या माणसाला ते कापड पुरतं. पण सायकलवर आपण ओल्या कापडावर बसतो. माझं वजन ६२ किलो. काही भार हातांवर, काही पायांवर गेला, तरी चाळीसेक किलो सीटवर येतात. सीटला खरोखर टेकणारी जागा धरा १०० चौरस सेंटिमीटर, साधारण तळहाताएवढी. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ४०० ग्रॅम. हा झाला चार मीटर उंच पाण्याचा दाब! दोन मीटरवाली पँट बुडाला गळणार नाही तर काय? हिशेबनीस असून हा हिशेब मांडायला मला दोन पावसाळे लागले. तेव्हा सायकलसाठी ५,०००च्या खाली बघू नका. १०,००० मिळाली तर उत्तम, कारण बैठकीचा भाग झिजत जातो आणि आकडा नव्या कापडाचा असतो.

चिठ्ठीवर दुसरा आकडा असतो घाम बाहेर जाण्याचा, चौरस मीटरमागे २४ तासांत किती ग्रॅम वाफ जाते त्याचा. पैसे खरे वाढतात ते याच्यापायी. माझं मत असं, की रोजच्या ऑफिसवारीसाठी आपल्याकडे याला फार किंमत देऊ नये. आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तर वाफ बाहेर जाईल. जुलैत बाहेरच हवा ओल्या टॉवेलसारखी असते, मग वाफ जाणार कुठे? थंड देशांतले लोक ज्या कापडाची तारीफ करतात ते तिथे चांगलंच काम करत असेल. इथे हजारो रुपये देऊन मांडीला घाम तो घामच. त्याऐवजी बाजूने वरून उघडणारी चेन किंवा गुडघ्यामागे झाकलेल्या फटी असलेली पँट शोधा. वारा आत शिरतो तेवढं सुख कुठलंच कापड देत नाही. आणि जाळीचं अस्तर नको. पायाची बोटं त्यात अडकतात, आणि बाहेरचं कापड वाळलं तरी ती जाळी वाळत नाही.

दुकानात पँट हातात आली की आधी उलटी करा. आतल्या प्रत्येक शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली हवी. सुईची भोकं पाण्याला पुरतात. मग बैठकीकडे बघा. चार शिवणी एकाच बिंदूत, बरोबर सीटवर येत असतील तर ठेवून द्या. तिथे अखंड कापडाचा तुकडा लावून शिवणी पुढे-मागे सरकवलेल्या असतात, ती पँट सायकलचा विचार करून शिवलेली आहे. पुढे चेन नको, नुसतं इलॅस्टिक आणि नाडी पुरे. जॅकेटवरून ओघळलेलं पाणी बसल्यावर मांडीत साचतं आणि तिथल्या चेनमधून सरळ आत उतरतं. आतल्या खिशात हात जावा म्हणून बाजूला ठेवलेल्या फटींचंही तेच. कंबर मागून उंच हवी, नाहीतर हँडलवर वाकलं की जॅकेट वर, पँट खाली आणि मधे पाऊस.

आता घालून बघा, तीही रोज जे कपडे घालता त्यावरून. मी सलवारीवरून घालते म्हणून नितंबात एक माप मोठी घ्यावी लागते. लेगिंग असेल तर नेहमीचं माप बसतं. ‘फ्री साइज’ म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करावा. आरशासमोर उभं राहण्यात काही अर्थ नाही. स्टूल मागा, एक पाय त्यावर ठेवा, मग उकिडवे बसा. गुडघ्यावर कापड ताणलं तर पायडल मारताना दर फेऱ्याला ते पाय मागे ओढणार. गुडघा वाकल्यावर पँट चार बोटं वर चढते, तरी घोटा झाकलेला राहिला पाहिजे. दुकानदार बघत असतो. बघू दे.

खालच्या टोकाला दोन गोष्टी लागतात आणि त्या एकमेकींच्या विरोधात आहेत. चपलेसकट पाय आत जावा म्हणून तोंड रुंद हवं, आणि उजवीकडे साखळी आहे म्हणून अरुंद हवं. यावर उपाय म्हणजे निदान वीतभर लांबीची चेन, तिच्या आत पाणी अडवणारी कापडाची पट्टी आणि घोट्याशी आवळायला वेल्क्रो. (कपड्याच्या झिपलाही आपण चेन म्हणतो, म्हणून सायकलच्या चेनला मी इथे साखळी म्हणतेय.) जुन्या लेडीज सायकलला पूर्ण चेनकव्हर होतं, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. गिअरची सायकल घेतल्यावर तिसऱ्या पँटीचा उजवा पाय कर्वे रस्त्यावर दात्यात गेला. मी एका पायावर उभी, पाऊस कोसळतोय, मागून हॉर्न. एका रिक्षावाल्या काकांनी उतरून पायडल उलटं फिरवून दिलं. तेव्हापासून वेल्क्रो असला तरी उजव्या पायाला वरून एक जाड रबरबँड असतोच. घोट्याजवळ चमकणारी पट्टी असेल तर ती पँट घ्या. वरखाली होणारी चमक मागच्या गाडीवाल्याला पाठीवरच्या स्थिर पट्टीपेक्षा लवकर दिसते.

बसथांब्याच्या आडोशाला घाईत पँट चढवताना ओली चप्पल आत अडकते. पायावर ब्रेडची रिकामी पिशवी घाला, पाय सर्रकन जातो. (२०१८ पासून राज्यात कॅरीबॅगांवर बंदी आहे, म्हणून ब्रेडची.) बूट मी पावसात घालतच नाही. रबरी सँडल, आणि ऑफिसच्या खणात एक कोरडी जोडी.

पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा झग्यासारखा मोकळा रेनकोट, आवडतो त्यांनी जरूर घ्यावा. मला पुलावरच्या वाऱ्यात तो शिडासारखा फुगलेला आवडला नाही. फक्त मांडीच्या पुढच्या बाजूला बांधायची झाकणंही मिळतात. रिमझिम असेल तर ती झकास, बुड भिजायचं ते भिजतंच.

घरी आणल्यावर, चिठ्ठी न फाडता, माझी एक परीक्षा. न्हाणीघरात पाटावर वर्तमानपत्राची चौघडी, तिच्यावर पँटीच्या बैठकीचा भाग, त्यावर तांब्याभर पाणी, आणि वर आपण, दहा मिनिटं. खाली पाणी पसरणार नाही एवढं बघा. उठल्यावर वर्तमानपत्र कोरडं तर पँट आपली. चौथी पँट यात नापास झाली. दुकानदार म्हणाला, ‘ताई, पावसात पाणी लागणारच.’ परत घेतली नाही. पाचवीला, बावीसशे रुपयांच्या, पास केलं तेव्हा घरातल्यांनी दाराबाहेर टाळ्या वाजवल्या.

पावसातून आल्यावर पँट पिशवीत कोंबून ठेवू नका. ऑफिसात मी ती उलटी करून कॅरिअरवरच अंथरते, घरी पंख्याखाली. धुताना पातळ साबण थोडासा, आणि कपडे मऊ करणारं ते सुवासिक द्रव्य अजिबात नाही, त्याने पाणी ओघळणं थांबतं. ऑक्टोबरात घडी घालून माळ्यावर टाकू नका. दुसऱ्या पँटीचा लेप माळ्यावरच्या दमटपणाने चिकट झाला आणि जूनमध्ये भाजलेल्या पापडासारखे त्याचे पापुद्रे हातात आले. हँगरला लावून कपाटात ठेवा, आणि मेमध्येच एकदा काढून बघा, दुकानात गर्दी व्हायच्या आत.

बैठक झिजली तरी पायांचं कापड शाबूत असतं. तिसरीच्या डाव्या पायाचं मी सीटचं कव्हर शिवलं. उजव्याला दात्यांची भोकं पडलेली आहेत, तो अजून पडून आहे.