डिप्रेशनमध्ये या चुका टाळा (मी जवळजवळ सगळ्या केल्यात)

"पण तुला टेन्शन कसलंय? नोकरी आहे, घर आहे, नवरा चांगलाय." हे मला आत्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारलं. मीही स्वतःला तेच विचारत बसायचे आणि उत्तर काही सापडेना, मग ठरवूनच टाकलं की मला काही झालेलं नाही, मी आळशी झालेय. इथेच पहिली चूक. एकच एक कारण बहुतेकदा नसतंच. घरात आधी कुणाला तरी झालेलं असतं (आमच्यात आजीला, पण तेव्हा 'ती जरा तिरसट आहे' एवढंच म्हणायचे), त्यात बाळंतपण, कुणाचं जाणं, कर्ज, रात्रपाळी, जुनं दुखणं असं साचत जातं, आणि कधी कधी तर वरवर काहीच घडलेलं नसतं.

शरीराकडे बघायचंही राहून जातं. थायरॉइड कमी पडत असेल, बी 12 किंवा हिमोग्लोबिन खाली गेलं असेल तरी माणूस असाच मलूल आणि चिडका होतो. माझा टीएसएच (थायरॉइडच्या टेस्टमधला आकडा, थायरॉइड कमी पडलं की तो वाढतो) वाढलेला निघाला. त्या गोळीने सगळं सुटलं असं नाही, पण निम्मा थकवा गेला. त्यामुळे ब्लड टेस्ट करून घ्या, आणि चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरला सांगा, स्टेरॉइड घेत असाल तर नक्कीच.

मी सात महिने थांबले. खरं तर दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि जोडीला झोप, भूक, लक्ष लागणं बिघडलं असेल तर दाखवून यायचं.

आता सगळ्यात मोठी चूक, 'मूड आला की करू'. तो येतच नाही हो! आमच्या बेडरूममधल्या खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, इतका की खुर्ची दिसायची बंद झाली, आणि मी रोज त्याच्याकडे बघून परत कूस बदलायचे. काउन्सेलर म्हणाल्या, ढीग सोडा, फक्त मोजे काढा. चार जोड्या लागल्या, एक मोजा एकटाच उरला. आनंदबिनंद काही झाला नाही, पण दुसऱ्या दिवशी टॉवेल घड्या केले. या पद्धतीला बिहेविअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, म्हणजे आधी हात हलवायचे, मन मागून येतं, उशिरा येतं पण येतं. चालण्याचंही तसंच, 'रोज पाच किलोमीटर' ठरवलं की तिसऱ्या दिवशी बोंबललं. मी घरपोच दूध बंद केलं, मग पिशवी घेऊन डेअरीपर्यंत जावंच लागायचं.

झोपेचं थोडक्यात सांगते, झोपायची नाही तर उठायची वेळ पक्की करा, आणि दुपारी तीन तास ताणून देऊ नका. 'दोन पेग मारले की झोप लागते' हे आमच्या दादाचं लॉजिक, तोच पहाटे तीनला टक्क जागा असायचा, आणि दारूने मन आणखी खालीच जातं.

डिप्रेशनच्या गोळ्यांबाबत मी दोनदा घोळ घातला. पहिल्या आठवड्यात मळमळायला लागलं, फरक शून्य, वाटलं बंदच करावं. पण फरक कळायलाच दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. मग चौथ्या महिन्यात मस्त वाटायला लागलं तर मीच शहाणपणा करून थांबवल्या, आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं व्हायचं, कठडा धरून उभी राहिले. डॉक्टर ओरडले नाहीत, म्हणाले बरं वाटल्यावरही निदान सहा महिने, मग हळूहळू कमी करू. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, सवय लागू शकते ती झोपेच्या काही गोळ्यांची, त्या सांगितलेल्या दिवसांपलीकडे ओढू नका.

घरच्यांनो, 'मन घट्ट कर' प्लीज बंद करा. माझ्या सासूबाई एकदा काही न बोलता मेथीची जुडी घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसल्या आणि निवडायला लागल्या. थोड्या वेळाने माझाही हात गेला. अर्धी जुडी झाली तेव्हा लक्षात आलं की आपण उठून बसलोय.

आणि मरणाचे विचार येत असतील तर कुणाला तरी सरळ सांगा, आणि कुणाबद्दल तशी शंका आली तर सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात ते भरत नाही, उलट माणूस मोकळं बोलतो. त्याला एकटं सोडू नका, आणि प्रकरण गंभीर वाटलं तर थेट हॉस्पिटल गाठा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. मी तो 'गॅस बुकिंग 2' नावाने केला होता, कुणी फोन बघितला तरी विचारायला नको म्हणून.