पगार आणि कंत्राटाचा दर यांची तुलना कशी करावी

वर्षाला १२ लाखांचं पॅकेज सोडून महिना लाखाचं कंत्राट घेणं म्हणजे कमाईत घटच. पॅकेजमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. कंत्राटात हे वेगळं मिळत नाही, भरपगारी रजाही नाही. म्हणून आधी दिवसाचा दर काढा. १२ लाखांत विमा, लॅपटॉप, सीएची फी अशा खर्चाचे दीड लाख जोडा. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवार, सण, आजारपण आणि दोन कामांमधला रिकामा काळ वजा केला की बिल लावण्याजोगे १८० दिवस धरावेत. १३.५ लाख भागिले १८०, म्हणजे ७,५०० रुपये. याखाली होकार देऊ नका.

बहुतेकांचं गणित फसतं ते पैसे उशिरा येतात म्हणून. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवाच. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. लेखी करारात जास्त मुदत असली तरी ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा कायदेशीर हक्क मिळतो. उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी आलाच.

गृहकर्ज घ्यायचं असेल तर राजीनाम्याआधी घ्या, नंतर बँक दोन-तीन वर्षांची आयकर रिटर्न्स मागते. घरात कुणाला मधुमेह असेल तर आरोग्यविमाही नोकरीत असतानाच काढा: जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.