जुन्या व्हॉल्व्हवाल्या रिगमधून खरंच किती वॅट पडतायत ते कसं बघायचं

हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्याच्या, जुन्या रिगच्या (ट्रान्समीटरच्या) मॅन्युअलमध्ये १८० वॅट लिहिलंय, मीटर जेमतेम १०० दाखवतोय, की लगेच "फायनल्स (शेवटचे पॉवर व्हॉल्व्ह) गेल्या" म्हणून नवीन व्हॉल्व्ह शोधायला निघायचं, हे फार लोक करतात. जरा थांबा. त्या काळात आकडा सांगायचे तो इनपुटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटचं (पॉझिटिव्ह इलेक्ट्रोडचं) व्होल्टेज गुणिले प्लेट करंट. अमेरिकेत तर १९८३ पर्यंत हॅमची कायदेशीर मर्यादासुद्धा डीसी इनपुटवरच होती. त्यामुळे हीथकिट डीएक्स-६० चे ९० वॅट म्हणजे इनपुट, अँटेना सॉकेटवर ५०-६० मिळाले तर रिग ठणठणीत आहे.

सेट वर्षानुवर्षं बंद पडून असेल तर पॉवर मोजणं ही नंतरची गोष्ट, आधी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघा, व्हेरिअ‍ॅकवर (मेन्स व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू चढवा. आणि ड्रायव्हरच्या (फायनलच्या आधीच्या व्हॉल्व्हच्या) प्लेटपासून फायनलच्या ग्रिडकडे जाणारा कपलिंग कपॅसिटर, तो लीक असला की ग्रिडवरचा मायनस बायस (करंट आवरणारं व्होल्टेज) खातो आणि फायनल लालबुंद होते, म्हणून की (ट्रान्समिटची कळ) दाबायच्या आधी बायस मोजून घ्या. प्लेटवर ६००-८०० व्होल्ट डीसी असतात, ते माणूस मारू शकतात. आत हात घालायचा तर प्लग काढा, थांबा, चासीला जोडलेल्या इन्सुलेटेड दांडीने हाय व्होल्टेज शॉर्ट करून घ्या. ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तोही तुटून ओपन झालेला असू शकतो.

आता लोड. अँटेनावर मोजू नका, ५० ओहमचा नॉन-इंडक्टिव्ह डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर) लावा आणि मल्टिमीटरने तो अजून ५० आहे का ते आधी बघा, मार खाल्लेले लोड सरकलेले असतात. बल्ब लावून बघायची जुनी पद्धत ट्यूनिंगपुरती ठीक, पण थंड आणि तापलेल्या फिलामेंटच्या रेझिस्टन्समध्ये दहापटीहून जास्त फरक पडतो, मग वॅट कसले काढणार.

पाचदहा मिनिटं तापू द्या, मग आयडल करंट (सिग्नल नसतानाचा करंट) मॅन्युअलप्रमाणे लावा, याएसूच्या एफटी-१०१ ला तो ६० मिलिअँपिअर असतो. कॅरिअर (सलग सिग्नल) कमी ठेवून ड्राइव्ह (फायनलला मिळणारा सिग्नल) पीक करा. पुढे की दाबली की प्लेट कंट्रोल फिरवून करंटचा डिप (सगळ्यात खालचा बिंदू) पकडायचा, लोडिंग (अँटेनाकडे पॉवर सोडणारा कंट्रोल) थोडं वाढवायचं, परत डिप, परत लोडिंग, असं करत ठरलेल्या करंटपर्यंत जायचं. पण एका वेळी ५-१० सेकंदच की दाबा, मधे तेवढीच किंवा जास्त विश्रांती, कारण रेझोनन्सच्या (डिपच्या) बाहेर बहुतेक पॉवर प्लेटमध्ये उष्णता होऊन बसते. अंधार करून व्हॉल्व्हकडे बघत ट्यून करा, प्लेटवर लाल डाग दिसला की की सोडा, आधी डिप नंतर मीटर.

मोजायला वॅटमीटर सोपा, पण त्याची अचूकता बघा. बर्ड ४३ सारखा नावाजलेला मीटरसुद्धा फुल स्केलच्या ±५ टक्के असतो, म्हणजे १०० वॅटच्या स्लगवर (मीटरमध्ये बसवायचा, रेंज ठरवणारा तुकडा) ५ वॅट इकडेतिकडे, मग काटा ३० वर असो की ९० वर. २० वॅट मोजायला १००० चा स्लग लावून चर्चा करू नका. स्कोप (ऑसिलोस्कोप) असेल तर अजून मजा, डमी लोडवरचं पीक-टू-पीक व्होल्टेज घ्या, त्याचा वर्ग करा आणि ४०० ने भागा, ५० ओहमला वॅट आले. २०० व्होल्ट पीक-टू-पीक म्हणजे बरोबर १०० वॅट. फक्त प्रोबचं रेटिंग बघा, फ्रिक्वेन्सी वाढली की ते कमी होतं. डायोड लावून पीक डिटेक्टर (पीक व्होल्टेज धरणारं सर्किट) बनवणार असाल तर १०० वॅटला डायोडवर उलट २०० व्होल्ट येतात, १एन४१४८ तिथे फुटेल, म्हणून रेझिस्टरने भाग करून घ्या.

मोजताना कॅरिअर सलग ठेवा. एसएसबीवर (बोलण्याबरोबर सिग्नल कमीजास्त होणारा मोड) बोलत बोलत साध्या मीटरला बघितलं तर काटा लाजेल इतकं कमी दाखवतो, तो पीक धरत नाही. एएमला १०० टक्के मॉड्युलेशनचं पीक कॅरिअरच्या चौपट असतं, म्हणून तिथे कॅरिअरच मोजा.

खरी गंमत आकडा आल्यावर. समजा प्लेटला ८०० व्होल्ट आणि करंट २२० मिलिअँपिअर, इनपुट झालं १७६, आउटपुट १०५ आलं तर जवळपास ६० टक्के, रिगवर शंका घ्यायचं कारण नाही. (काही सेट्स कॅथोड करंट दाखवतात, त्यात स्क्रीन ग्रिडचाही भाग असतो, तो वजा धरा.) करंटच पूर्ण येत नसेल तर ड्राइव्ह बघा, नंतर स्क्रीन व्होल्टेज, मगच व्हॉल्व्ह. करंट येतोय पण वॅट कमी, तर लोडिंग कपॅसिटर, बँडस्विचचे काळे पडलेले कॉन्टॅक्ट, रिले. की दाबल्यावर पॉवर सुरुवातीला चांगली आणि मग हळूहळू उतरत जाते, तेव्हा मात्र व्हॉल्व्ह थकलेला असण्याची शक्यता जास्त.

अजून एक निरीक्षण फुकटात मिळतं. प्लेट कंट्रोल फिरवताना करंटचा सगळ्यात खालचा बिंदू आणि आउटपुटचा सगळ्यात वरचा बिंदू एकाच जागी यायला हवा. दोन्ही वेगळीकडे येत असतील तर न्यूट्रलायझेशन (व्हॉल्व्हच्या आतून परत येणारा सिग्नल रद्द करणारी जुळणी) हललंय, विशेषतः फायनल बदलल्यावर, ते आधी नीट करा.

१० मीटर बँडवर थोडी पॉवर कमी मिळाली तर झोप उडवून घेऊ नका, बऱ्याच व्हॉल्व्ह रिग्सचं असंच असतं. मेन्सचं व्होल्टेजही लिहून ठेवा, बहुतेक जुन्या सेट्सचा हाय व्होल्टेज रेग्युलेटेड नसतो, मेन्स १० टक्के पडलं की आउटपुट ढोबळमानाने २० टक्के गेलंच, त्यामुळे बँड, मेन्स, प्लेट करंट आणि वॅट असे चार आकडे एकाच कागदावर.