ऑफिसचं वेब सॉफ्टवेअर किती सुरक्षित आहे, हे स्वतः कसं तपासायचं

बिलिंग, स्टॉक, पगार, ग्राहकांची माहिती, सगळंच आता ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि एकदा ते सुरळीत चालू झालं की कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, बंद पडलं तरच आठवण येते. पण सुरक्षेचं भोक असेल तर सॉफ्टवेअर बंद पडत नाही ना, ते नेहमीसारखंच चालत राहतं, म्हणून मुद्दाम बसून तपासावं लागतं. यातलं बरंचसं काम प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही जमतं.

सुरुवात यादीपासून करा. एक शीट उघडा आणि कुठलं सॉफ्टवेअर, कितवं व्हर्जन, कोणाच्या सर्व्हरवर, अॅडमिन कोण, आणि ते बाहेरच्या इंटरनेटवरून उघडतं का, एवढं लिहा. प्लगइन विसरू नका. कंपनीकडून आतल्या लायब्ररींची, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये वापरलेल्या दुसऱ्यांच्या तयार कोडची यादीही मागून घ्या, तिला एसबॉम म्हणतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या लायब्ररीत १० पैकी १० गंभीरतेचं भोक सापडलं तेव्हा कितीतरी ठिकाणी ही लायब्ररी आपल्याकडे नेमकी कुठे आहे हे शोधण्यातच वेळ गेला.

मग अपडेट. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या सुरक्षा सूचना ईमेलवर येतील असं करून ठेवा, आणि त्या एकाच माणसाच्या इनबॉक्समध्ये जाऊ देऊ नका, तो सुट्टीवर गेला की संपलं. कुठलं आधी करायचं असा प्रश्न पडला तर अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेची यादी बघा, हल्लेखोर ज्या भोकांचा खरोखर वापर करतायत तीच त्यात असतात, त्यामुळे नुसत्या स्कोअरपेक्षा मला ती जास्त कामाची वाटते. बॅकअप घ्या, आधी टेस्ट कॉपीवर अपडेट टाका, मग खऱ्यावर, आणि शेवटी स्क्रीनवर नवीन व्हर्जनचा आकडा दिसतोय का ते डोळ्यांनी बघा. इक्विफॅक्स या अमेरिकन क्रेडिट कंपनीचं उदाहरण इथे खूप शिकवतं. तिथे वापरलेल्या अपाचे स्ट्रट्स या वेब सॉफ्टवेअरच्या सांगाड्याचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, मार्च २०१७ मध्ये आला होता, आत ईमेलही फिरला, स्कॅनही झालं, पण जुनं व्हर्जन असलेली एक सिस्टीम त्यातून सुटली आणि मे महिन्यात तिथूनच चोर आत आले, सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कोणाला काय उघडता येतं ते तपासणं, आणि हे कुठलंही स्कॅनर तुमच्यासाठी नीट करत नाही कारण कोणाला काय दिसायला हवं हे फक्त तुम्हालाच माहीत असतं. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत पहिला नंबर याच प्रकाराचा आहे, म्हणजे ज्याला जे दिसायला नको ते दिसणं. टेस्ट कॉपीवर दोन खाती बनवा, एक अॅडमिन, एक साधा कर्मचारी, आणि खोटा डेटा भरा. अॅडमिनने एखादं बिल उघडा, वरची लिंक कॉपी करा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये साध्या खात्याने लॉगिन करून तीच लिंक टाका. उघडलं? भोक आहे. लिंकमध्ये बिलाचा नंबर असेल तर तो एकाने बदलून बघा. मग पूर्ण लॉगआउट होऊन परत तीच लिंक टाका. २०१९ मध्ये फर्स्ट अमेरिकन या कंपनीच्या साइटवर असा नुसता नंबर बदलला की लॉगिन न करताही दुसऱ्यांची कागदपत्रं उघडत होती, साधारण ८८.५ कोटी रेकॉर्ड तसे उघडे पडले होते.

पीडीएफ आणि एक्सपोर्टच्या लिंक वेगळ्या तपासा. एका सॉफ्टवेअरमध्ये मी हे केलं तेव्हा पगाराचं पान बरोबर अडवलं गेलं पण त्याच पगाराच्या स्लिपची पीडीएफ मात्र सरळ डाउनलोड झाली, मला खरंच धक्का बसला होता. मेनूमधून बटण गायब आहे म्हणजे दरवाजाला कुलूप आहे असं नाही. आणखी एक, साध्या खात्याने लॉगिन करून ठेवा, अॅडमिनमधून ते खातं बंद करा आणि पान रिफ्रेश करा. अजून चालतंय? मग नोकरी सोडून गेलेला माणूसही आत राहू शकतो.

हे फक्त स्वतःच्या सिस्टीमवर करायचं बरं का. सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, आणि भोक सापडलं तर एका टेस्ट रेकॉर्डवर थांबा, स्क्रीनशॉट, वेळ आणि कुठलं खातं वापरलं ते लिहून कंपनीला कळवा.

एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे रकान्यात डेटाबेसचा आदेश टाइप करून माहिती काढणं, हे तपासायला खऱ्या डेटाबेसशी खेळू नका. डेव्हलपरला सरळ विचारा, युजरने टाइप केलेलं क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला जाणाऱ्या आदेशात, थेट जोडता की पॅरामीटर वापरून वेगळं पाठवता? उत्तर गोलमोल आलं तर बाहेरच्या माणसाकडून टेस्टिंग करून घ्या. अॅडमिन पान फक्त व्हीपीएनवरून, म्हणजे ऑफिसच्या खासगी जोडणीवरून उघडेल असं करा, दोन टप्प्यांचं लॉगिन सगळ्यांना लावा.

आणि पॅच टाकला म्हणजे आधीच आत आलेला चोर बाहेर जात नाही. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या ईमेल सर्व्हरच्या बाबतीत हेच झालं, पॅच लावलेल्या सर्व्हरवरही हल्लेखोरांनी आधी टाकून ठेवलेल्या फाइल तशाच पडून होत्या आणि त्यातून परत आत येता येत होतं. म्हणून मोठं भोक बुजवल्यावर अनोळखी अॅडमिन खाती, नवीन एपीआय की (दुसऱ्या सॉफ्टवेअरला आत येऊ देणाऱ्या किल्ल्या), सर्व्हरवर अचानक आलेल्या फाइल आणि रात्री-अपरात्री झालेली मोठी डाउनलोड शोधा. लॉग, म्हणजे कोणी कधी काय केलं याच्या नोंदी, त्याच सर्व्हरवर ठेवू नका, आत आलेला माणूस ते आधी पुसतो. काही संशयास्पद सापडलं तर घाईघाईत फॉरमॅट मारू नका, मशीन चालूच ठेवून नेटवर्कपासून तोडा, आणि जाणकार माणूस येऊन बघेपर्यंत त्याला हात लावू नका, पासवर्ड मात्र दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून लगेच बदलून टाका.