भात निघालं, ओल आहे तोवर वाल टोकून घ्या

कोकणात हळवं भात दसऱ्याच्या सुमारास निघतं, निमगरवं दिवाळीच्या आगेमागे, गरवं नोव्हेंबर सरता सरता. भारे खळ्यावर गेले की खाचर ओसाड वाटतं, पण वरच्या वीतभर मातीत एखादं कडधान्य उगवून मूळ धरेल एवढी ओल अजून असते. भरड, हलक्या खाचरात ती साधारण आठवडाभर पुरते, भारी मळ्यात दहा-बारा दिवस. जमीन भेगाळली की बियाणं कितीही चांगलं असो, उगवण विरळ होते. हा सल्ला त्या मोजक्या दिवसांसाठी आहे.

हिशेब आधी मांडू. पाच माणसांच्या घरात रोज २०० ग्रॅम कडधान्य शिजलं तर वर्षाला ७३ किलो लागतं. ओलीवरच्या वालाचं उत्पन्न गुंठ्याला सहा किलो एवढंच धरलं, तरी बारा-तेरा गुंठ्यांत वर्षाची आमटी-उसळ घरची होते. त्यासाठी विकतच्या खताची गोणी लागत नाही, पंपही लागत नाही.

कुठल्या खाचरात काय

सगळीकडे एकच पीक टाकू नका. भारी मातीची, सर्वांत उशिरा सुकणारी सखल खाचरं वालाला द्या. रायगड-ठाण्याकडचा कडवा वाल अशाच जमिनीवर होतो. मधल्या खाचरांत चवळी किंवा मूग. वरच्या बाजूच्या, पहार मारली की कातळ लागतो अशा उथळ जमिनीत कुळीथच धरा; कमी ओलीत तग धरण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात पिठीला गिऱ्हाईक घरातच असतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कोकण वाल-१ आणि २, कोकण सदाबहार चवळी, दापोली कुळीथ-१ हे वाण याच हवामानासाठी काढलेले आहेत. घरचं बियाणंही चालतं, मात्र १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोड मोजा. ८५ च्या वर आले तर उत्तम, ७० च्या खाली आले तर ते बी आमटीत घाला.

चवळी साधारण ६५ ते ७५ दिवसांत निघते, कुळीथ ९० ते १००, वाल १०० ते ११०. म्हणून गरव्या भातामागे डिसेंबर उजाडल्यावर वाल टोकण्यात, म्हणजे भोक पाडून बी लावण्यात, अर्थ नाही. फुलोऱ्याच्या वेळी जमीन कोरडी ठणठणीत असते आणि फुलं गळून जातात. तिथे चवळी घ्या.

मूठ वळून बघा

कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातलं पाणी सोडून द्या. कापणी जमिनीलगत करा, कारण खोडकिड्याच्या अळ्या बुडख्यात दडून राहतात. न नांगरता पीक घेतलं की धसकटं शेतातच राहतात, आणि त्यांच्यासोबत थोड्या अळ्याही राहणार. एवढी किंमत या पद्धतीला आहे. खालून कापल्याने ती कमी होते.

मग चार बोटं खोलवरची मूठभर माती घ्या आणि दाबा. बोटांच्या फटीतून चिखल आला तर दोन-तीन दिवस थांबा, कारण अशा मातीत पाडलेल्या भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात आणि वाळल्या की मूळ त्यांना भेदू शकत नाही. गोळा झाला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर चार-पाच तुकडे झाले, तर तो वाफसा. त्याच दिवशी टोका. गोळाच होत नसेल तर खाचराचा तो कोपरा सोडून द्या.

नांगरटीचा मोह पुष्कळांना होतो. स्वच्छ नांगरलेलं खाचर दिसायला छान, पण नांगराच्या प्रत्येक तासागणिक ओल उघड्यावर पडते आणि वारं ती घेऊन जातं. शिवाय लावणीआधीच्या चिखलणीने खाली जो घट्ट थर तयार झालेला असतो, तो बैलाच्या नांगराने फुटत नाहीच. भाताची जुनी मुळं कुजली की त्या थरात बारीक वाटा होतात आणि नवं मूळ त्याच वाटेने खाली उतरतं. म्हणून भोक पाडायचं ते धसकटाच्या बुडाशीच, दोन बोटं बाजूला. खोली ४ ते ५ सेंमी, भोकात दोन बिया, वर भुसभुशीत माती, आणि टाचेने हलका दाब. दाब विसरलात तर बी पोकळीत राहतं, फुगतं आणि मोड सुकतो. उगवण न होण्याचं हे सर्वांत साधं आणि सर्वांत जास्त आढळणारं कारण.

भाताच्या ओळी २० सेंमीवर असतील तर एक ओळ सोडून एक धरा, म्हणजे ४० बाय १५ सेंमी होतं. या अंतराला वालाचं बी गुंठ्याला पाऊण किलोच्या आत लागतं, चवळीचं ३०० ते ४०० ग्रॅम. कुळीथ फेकून पेरला तर ३०० ग्रॅम. कुळथाला मात्र वरवर कोळपून बी झाकावं लागतं, नाहीतर पारवे ते टिपतात.

कर्जत-नेरळकडून पसरलेल्या सगुणा राईस तंत्राचा पायाही हाच आहे: कायमचे गादीवाफे, नांगरट नाही, मुळं जमिनीत. त्या तंत्रात तणनाशकाचा वापर होतो. सेंद्रिय करायचं असेल तर ती जागा खुरपणीने आणि आच्छादनाने भरून काढावी लागेल. मजुरी वाढेल, हे आधीच धरून चला.

बियाण्याला काय लावायचं

आधी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, किलोला ५ ग्रॅम, मूळकूज टाळायला. त्यानंतर रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र धरणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा, त्यात जिवाणूखत कालवा आणि बियाण्याला हलक्या हाताने चोळा. वालाचं टरफल सुटायला लागलं तर पाणी जास्त झालं असं समजा. सावलीत सुकवून त्याच दिवशी टोका. पाकीट विकत घेताना वापराची मुदत बघा आणि ते दुकानात उन्हात पडलेलं असेल तर घेऊ नका.

आपली जांभी जमीन आम्ल आहे. आम्लात रायझोबियम लवकर दम तोडतो आणि स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला बांधलं जातं. जिवाणू लावलेलं बी ओलसर असतानाच चुनखडीच्या बारीक भुकटीत घोळवलं, दाणा पांढुरका दिसेल इतकंच, तर त्याला आडोसा मिळतो. शिंपले भाजून केलेला किंवा भिंतीला लावायचा चुना चालणार नाही. तो दाहक असतो, लावलेले जिवाणू तोच मारतो.

पूर्ण कुजलेलं शेणखत गुंठ्याला ५० किलो, शक्य असेल तर ओळीतच. जीवामृत देणार असाल तर दहा गुंठ्यांना ५० लिटर पाणी, अडीच किलो शेण, अडीच लिटर गोमूत्र, अर्धा किलो गूळ, अर्धा किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन-तीन दिवस रोज ढवळा, आठवड्यात संपवा. कोरड्या मातीवर ओतलेलं जीवामृत वाया जातं, आणि शेणखताची जागा ते घेत नाही.

टोकणीनंतर पाऊस आला तर

ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार चक्रीवादळाच्या वेळी कोकणात कापणीला आलेलं भात भिजलं आणि आडवं झालं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात असं काही उठणार हे गृहीत धरूनच नियोजन करा. सगळी खाचरं एका दिवसात न टोकता दोन-तीन टप्प्यांत टोका आणि बियाण्याचा चौथा हिस्सा घरात ठेवा. टोकणीच्या दिवशीच खाचरात दर तीन-चार मीटरवर वीतभर खोल चर काढा आणि खालच्या बांधाला त्याचं तोंड फोडून ठेवा. पाणी एक रात्र साचलं तरी फुगलेलं बी कुजतं. पावसानंतर वर पापुद्रा धरला तर काट्याची फांदी हलकेच ओढून तो फोडा. सात-आठ दिवसांत मोड दिसला नाही अशा जागी राखलेलं बी लावा.

गुरं: खरी अडचण इथे आहे

भात निघालं की गुरं सोडायची, ही वाडीवाडीची रीत. एकट्याने वाल लावला तर गावाच्या गुरांना तेवढाच हिरवा तुकडा दिसतो. झापांचं किंवा शिरडांचं कुंपण एका खाचराला पुरतं, दहा खाचरांना नाही. त्यामुळे सल्ल्यातलं हे काम शेतात नव्हे, बैठकीत करायचं आहे. कापणीआधीच गावकीत बसून एका कोंडातली सलग खाचरं ठरवा, तिथे सगळ्यांनी एकाच आठवड्यात टोकायचं आणि गुरं कुठल्या तारखेपर्यंत बांधून किंवा राखणीने चारायची ते पक्कं करा. तारीख फेब्रुवारीअखेरची धरा. वालाची शेवटची तोडणी तोवर होते. माकडं आणि रानडुकरं बैठकीला येत नाहीत, त्यांच्यासाठी राखणीच्या पाळ्या लावाव्या लागतात. रानालगतच्या खाचरात कुळीथ आणि घरालगत वाल ठेवला की फेऱ्या कमी होतात.

पातेरा जाळू नका, पसरा

रोपं चार पानांवर आली की ओळींच्या मधे आंबा-काजूचा पातेरा किंवा सुकं गवत दोन-तीन इंच पसरा. पेंढा गुरांना लागतो, तो इथे घालू नका. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी पातेऱ्याखालून थेट खोडाला लागते. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, पातेरा राखून ठेवणाऱ्यांना हे पटायला जड जाईल, पण राबात जाळलेल्या पाल्यातलं नत्र धुरात जातं आणि इथे ते मातीत राहतं.

तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी एक रोप मातीच्या ढेकळासकट काढा आणि पाण्यात हलवून मुळं धुवा. मुळांवरच्या गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असतील तर नत्राचं काम चालू आहे. पांढऱ्या किंवा हिरवट असतील तर जिवाणू निकामी; तेव्हा ओळीत थोडं गांडूळखत आणि राख द्या, आणि पुढच्या वर्षी चुनखडी चुकवू नका.

ढगाळ हवेत डिसेंबरात शेंड्यांवर काळा मावा दिसतो. आधी मावा खाणारे ढालकिडे शोधा. झाडागणिक एखादा दिसत असेल तर फवारू नका. ढालकिडे नसतील तर निंबोळी अर्क ५ टक्के: ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर १० लिटर पाण्यात, सकाळी गाळून २०० ग्रॅम साबणासह १०० लिटर करा. किनाऱ्याकडे कडुनिंब कमीच, निंबोळ्या घाटावरून मागवाव्या लागतात. त्या नसतील तर निंबोळी तेल लिटरला ५ मिली, साबणाच्या पाण्यात घोळून. फवारणी संध्याकाळी करा.

ओहोळाची धार बारीक झाली की नोव्हेंबरातच वनराई बंधारा घाला. रिकाम्या सिमेंटच्या गोण्या मातीने दोन-तृतीयांश भरा, तोंड शिवा, विटांसारखे सांधे मोडत रचा, तळाची रुंदी उंचीच्या दुप्पट ठेवा. जास्तीचं पाणी जायला मधे खाच हवी. फुलोऱ्यात एक आणि दाणे भरताना एक, एवढी दोन पाणी मिळाली तर वाल खूश. मेअखेर गोण्या काढून घ्या.

खारवट जमिनीत यातलं काही करू नका. मिठाची पांढरी साय दिसणाऱ्या खाचरात वाल-चवळी उगवून करपते. तिथे या दिवसांत बांधाची भगदाडं बुजवणं आणि उघाडीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) झडप दुरुस्त करणं, एवढंच काम. पुढच्या पावसाळ्यासाठी पनवेल-२ किंवा पनवेल-३ या खार सोसणाऱ्या भाताचं बियाणं बघून ठेवा.

काढणी आणि साठवण

जानेवारीत पोपटीला (मडक्यात शेंगा भाजायच्या बेताला) हिरव्या शेंगांना भाव येतो. पहिली तोड विकायला हरकत नाही, बियाण्यासाठी मात्र मधल्या बहराच्या शेंगा झाडावरच वाळू द्या. झाडं उपटू नका, विळ्याने कापा, गाठी मातीत राहू द्या.

कडधान्याचा भुंगेरा बहुतेकदा बाहेरून कोठारात शिरत नाही, तो शेंगेवरच्या अंड्यातून आपणच घरी आणतो. म्हणून मळणीनंतर दाणे काळ्या प्लॅस्टिकवर पातळ पसरून वर पारदर्शक प्लॅस्टिक झाका, कडा दाबा आणि दोन-तीन कडक दुपारी तापू द्या. हे खायच्या दाण्यासाठी. बियाणं नुसत्या उन्हात सुकवा, झाकून तापवलेलं उगवेलच असं नाही. दातांखाली दाणा कट्कन फुटला की गार करून किलोला ५ मिली खोबरेल किंवा शेंगदाणा तेल चोळा, कोरड्या डब्यात भरा आणि वर तीन-चार सेंमी कोरड्या वाळूचा थर द्या. वाळू नदीची घ्या. समुद्रावरच्या वाळूतलं मीठ ओल ओढतं आणि वरचे दाणे बुरसतात.