जुना डिजिटल कॅमेरा आणि कमी उजेड: फोटो चांगले कसे येतील

जुन्या कॅमेऱ्यावर रात्री किंवा घरात फोटो काढला की दाणे दाणे दिसतात, म्हणून बरेच जण आधी आयएसओ (फोटो किती उजळ करायचा ते ठरवणारा कॅमेऱ्यातला आकडा) कमी करून टाकतात, आणि तिथेच फोटो बिघडतो, कारण आयएसओ कमी केला की एकतर शटर स्लो होऊन, म्हणजे जास्त वेळ उघडं राहून, फोटो हलतो नाहीतर फोटो काळा येतो आणि मग तो कॉम्प्युटरवर उजळ करायला गेलं की सावलीतून घाण वर येते, रंगीत ठिपके, आडवे उभे पट्टे, सगळंच. जुन्या सेन्सरला (कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप) हे अजिबात झेपत नाही. त्यापेक्षा आयएसओ १६०० ला नीट एक्सपोज केलेला, म्हणजे काढतानाच पुरेसा उजळ आलेला फोटो हा ४०० ला काढून नंतर दोन स्टॉप (म्हणजे चौपट) उजळलेल्या फोटोपेक्षा बहुतेक वेळा स्वच्छ दिसतो, विश्वास बसत नसेल तर एकाच जागी दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवून बघा.

म्हणजे सगळा खेळ हा की फोटो काढतानाच सेन्सरपर्यंत जास्तीत जास्त उजेड कसा पोचेल.

झूमपासून सुरुवात करा. कॅमेऱ्याबरोबर किटमध्ये येणारी १८-५५ एमएम लेन्स १८ ला एफ ३.५ पर्यंत उघडते (एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं भोक मोठं) पण ५५ ला फक्त ५.६, म्हणजे झूम केलं की उजेड निम्म्याहून कमी होतो. छोट्या खिशातल्या कॅमेऱ्यातही असंच असतं. त्यामुळे कमी उजेडात झूम मागे घ्या आणि स्वतः चार पावलं पुढे जा, याला काही खर्च नाही आणि फरक लगेच दिसतो.

डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) असेल आणि एकच वस्तू घ्यायची असेल तर ५० एमएम एफ १.८ घ्या, सेकंडहँड चालेल. ५.६ च्या तुलनेत ती साधारण नऊ-दहा पट उजेड आत घेते, नवीन बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेऊनही इतका फरक सहसा पडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त घेताना एक बघा, निकॉनच्या डी४०, डी६०, डी३००० अशा बॉडीत फोकसची मोटर नाहीये, तिथे लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं पाहिजे, नुसतं एएफ असेल तर फोकस हाताने करावा लागेल. आणि १.८ ला फोकसची पट्टी फार पातळ असते, डोळा शार्प आणि कान धूसर असं होतं, म्हणून माणसांचे फोटो २.२ किंवा २.८ ला काढले तर जास्त हाती लागतात.

शटरचं साधं गणित: लेन्स जितक्या एमएमची, त्याला क्रॉप सेन्सरचे (जुन्या फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचे) १.५ किंवा १.६ ने गुणायचं आणि १ भागिले तो आकडा, इतक्या सेकंदापेक्षा शटर स्लो ठेवायचं नाही. म्हणजे ५० एमएमला १/८० सेकंद. स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर अजून स्लो जाता येतं पण तो फक्त तुमचा हात सावरतो, समोरचं पोरगं पळत असेल तर त्याचा उपयोग शून्य, तिथे १/२५० लागणारच मग आयएसओ कितीही जाऊ दे. एलईडी किंवा ट्यूबखाली फोटोत पट्टे येत असतील किंवा प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येत असेल तर ५० हर्ट्झच्या विजेवर १/५० किंवा १/१०० ठेवून बघा, दिवा लुकलुकतो त्याच्याशी ते जुळतं.

फोकस हा जुन्या कॅमेऱ्याचा खरा कच्चा दुवा. अंधारात लेन्स नुसती पुढे मागे करत बसते. सगळे फोकस पॉइंट बंद करून फक्त मधला ठेवा, बहुतेक बॉडीत तोच सगळ्यात तेज असतो, आणि सपाट भिंतीवर किंवा गालावर नको, जिथे उजेड-अंधाराची कड आहे तिथे धरा, कॉलर, चष्म्याची फ्रेम, दाराची कड. अर्धं बटण दाबून फोकस लॉक करा आणि मग फ्रेम हलवा.

रॉ मध्ये (सेन्सरने टिपलेलं सगळं तसंच ठेवणारी फाइल) काढा, प्लीज. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा रंग जवळजवळ नसतोच त्यामुळे सगळ्यात जास्त नॉइज (दाणे, ठिपके) निळ्यात येतो, आणि जेपेगमध्ये कॅमेरा ते तिथल्या तिथे पुसतो, कातडी मेणासारखी होते आणि मग काहीच परत आणता येत नाही. मागच्या स्क्रीनवर भरवसा ठेवू नका, अंधारात ती उजळच दिसते, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) बघा, तो डावीकडे चिकटला असेल तर एक्सपोजर वाढवा, फोटोतले दिवे थोडे पांढरेफटक झाले तरी चालतील.

समोरचं हलत नसेल तर मात्र सगळं उलटं, ट्रायपॉड लावा नाहीतर भिंतीवर पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा, आयएसओ १०० किंवा २००, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदाचा टायमर. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर ३० सेकंदाच्या फोटोनंतर कॅमेरा अजून ३० सेकंद गप्प बसतो, तो शटर बंद ठेवून काळा फोटो घेऊन गरम पिक्सेल (लाँग एक्सपोजरमध्ये येणारे खोटे चमकते ठिपके) वजा करत असतो, हँग झाला समजून बॅटरी काढू नका. लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर तो रात्री काढून ठेवा, दिव्यांची भुतं, म्हणजे फोटोत दिसणारी दिव्यांची खोटी प्रतिबिंबं, बऱ्याचदा त्यातूनच येतात.

ट्रायपॉड नसेल आणि समोरचं स्थिर असेल तर बर्स्टमध्ये (बटण दाबून धरून लागोपाठ) चार फोटो काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक जुळवून सरासरी काढा, चार फोटोंनी नॉइज निम्मा होतो, सोळांनी पाव. एडिट करताना रंगाचा नॉइज बिनधास्त पुसा पण बारीक दाणे थोडे राहू द्या, ते प्रिंटमध्ये फारसे दिसतही नाहीत. आणि रंग फारच गेले असतील तर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, जुन्या सेन्सरचे दाणे त्यात उलट छान दिसतात.